उंबरठ्यावरचं बोट

पांडेसरा, सुरत
मे १९९५

प्रिय योगराज,

इकडे सगळे ठीक आहेत असं लिहायची सवय आहे, म्हणून तेच लिहिते. अप्पा जेवतात. मिलची नोकरी सुटली तरी सकाळच्या भोंग्याला उठतात आणि ओट्यावर बसून राहतात. माझ्या शाळेला सुट्टी आहे. खाडीचं पाणी मिलच्या रंगाने कधी निळं, कधी लाल, तसंच आहे. उकाड्याने थकायला होतं.

तुझं यान कुठवर आलं? अजून कागदावरच आहे की जोडायला घेतलं? शनीच्या पलीकडे जायचं म्हणजे वेळ लागणारच. मागच्या वेळी तू आलास तेव्हा आई भाकरी थापत होती आणि तू तिला तुझं काम समजावत होतास. यानात माणूस नसतो, इथून काही विचारलं तर ते पोचायलाच तास लागतात, म्हणून सगळं आधीच ठरवून त्याच्यात घालावं लागतं. आपला आवाज ऐकू येईनासा झाला तर त्याने काय करायचं, एवढाच भाग तुझ्याकडे होता. तू म्हणालास, बाकीची कामं थांबवायची, सूर्याकडे तोंड करायचं आणि वाट पाहायची. तितक्या लांबून पृथ्वी सूर्याजवळच दिसते, म्हणजे हाक कानावर पडेल. आई भाकरी उलटत म्हणाली, मंग हाक कोन मारी? तू हसलास. आम्ही मारत राहू, उत्तर येईपर्यंत थांबायचं नाही, असा नियम आहे म्हणालास.

आई गेली तेव्हा तुला येता आलं नाही. त्याबद्दल घरात कोणी काही बोललेलं नाही. मी बूथवरून सांगितलं तेव्हा तू फक्त "बरं ताई" म्हणालास, मग नुसती खरखर. त्यानंतर तुझं पत्र नाही, फोन नाही. मीही लिहिलं नाही. काय लिहायचं ते कळेना.

परवा अक्षय्य तृतीयेला आखाजी झाली. आईच्या नावाची पहिली घागर. इथल्या कुंभाराला डेरगं कळलं नाही, त्याने लहान माटलं दिलं, तेच घागरीवर ठेवलं. वर खरबूज, आंबे, सांजोरी. मग अप्पा उंबरठ्याशी बसले. उषा आत्या गेलेल्या एकेकाचं नाव सांगत होती आणि अप्पा कुंकवाचं बोट उमटवत होते. आजोबा, आजी, मोठे काका, मग आपली आई, भागीरथी. त्यापाठोपाठ आत्या म्हणाली, योगराज. अप्पांचं बोट टेकलंही. मी आत्याकडे पाहिलं. तिचं वय झालं आहे रे. ती म्हणाली, ना कागद, ना फोन, माले वाटनं तो बी गया.

अप्पांनी ओल्या पंच्याने ते बोट पुसलं. पुन्हा पुन्हा पुसलं. सिमेंटात थोडं राहिलंच. आता जाता-येता ते तिथे पाय पडू देत नाहीत. काल मला म्हणाले, त्याले कागद लिख. म्हणून लिहिते आहे. काम टाकून ये, असं मी म्हणत नाही. शेजारी सरस्वतीकाकूंकडे आता फोन बसला आहे, नंबर पाकिटावर मागे लिहिला आहे. एकदा अप्पांशी बोल. काही सुचलं नाही तर "आहे" एवढंच म्हण. नाही बोललास तर मी पुन्हा लिहीन. नियम तुझाच आहे.

तुझीच,
रंजनाताई