डाव्या बाजूचा नवस

६ जून

चि. सौ. ठमीस,
अ. आ.

मंगळवारी सकाळी तुझा फोन आला तेव्हा मी एका दाराला रंधा मारत होतो. सोनोग्राफीत बाळाचं डावं मूत्रपिंड दिसतच नाही, एवढं कळलं. पुढे आपण दोघंही रडलो. म्हणून हे पत्र. हात धुऊन देवापुढे बसलो आणि सांगून टाकलं, माझं डावं बाळाला दे. उजवं राहू दे, रंध्याचा जोर त्याच बाजूनं लागतो. दोन झडपांच्या दाराची एक झडप नसली तर घर कसं राखायचं? तुझी आई म्हणाली, कधीची मागतेय ती स्वयंपाकघराची कडी आधी बसवा, मग अवयव वाटा.

मूल जन्मायच्या आधी आत डोकावणं मला पटत नाही. देवानं झाकलंय ते झाकलेलंच बरं. तू काळजी करू नकोस, मी करतोच आहे.

माया पातळ होऊ देऊ नकोस.
बाबा

१२ जून

ती. बाबांना सा. न.

डॉक्टरीणबाईंनी पुन्हा तपासलं. दुसरं मूत्रपिंड उत्तम आहे, बाळाभोवती पाणी पुरेसं आहे. एकावर माणूस आयुष्य काढतो, म्हणाल्या. तुमच्या दानाचं सांगितलं तर हसल्या. पण हे कधी कधी घराण्यातून येतं, म्हणून घरच्यांनीही सोनोग्राफी करावी म्हणतात. माझी दोन्ही जागेवर आहेत, ह्यांचीही. सासऱ्यांनीही करून घेतली आणि आता रोज जेवताना ऐकवतात, आमच्याकडे सगळं जोडीनं आहे.

बाबा, बाईंचं पटतं, पण घरी येईपर्यंतच. पोटावरचा हात काढवत नाही. अवयव द्यायला तयार आहात, मग दाखवायला का नाही?

लोभ आहेच, हट्टही आहे.
ठमी

२० जून

चि. सौ. ठमीस,
अ. आ.

गेलो एकदाचा. यंत्र फिरवणारी मुलगी डावीकडे बराच वेळ शोधत राहिली. मग तिनं विचारलं, काका, डावं कधी काढलंत? मी म्हणालो, काढलं नाही, द्यायचंय. मोठ्या बाई येऊन बघून गेल्या. डाव्या बाजूला जन्मापासूनच काही नाही.

म्हणजे विहिरीत पोहलो, सागवानी चौकटी जिन्यानं वर चढवल्या, तुला पाठीवर घेऊन हिंडलो, ते सगळं एकाच झडपेवर. आणि नसलेलं देवाला देऊन बसलो होतो! तुझी आई आधी पोट धरून हसली, मग डोळे पुसत राहिली. तुझ्या सासऱ्यांना सांग, बाळानं आमच्याकडूनही काहीतरी घेतलंय. बाईंनी मला अधूनमधून तपासून घ्यायला सांगितलंय, घेईन. तू आता हात काढ आणि झोप.

आज सकाळी देवाची माफी मागून नवस परत घेतला. त्याला पहिल्याच दिवशी टोकता आलं असतं, पण तो ऐकून घेतो. मग उठलो आणि स्वयंपाकघराची कडी बसवली.

माया अशीच राहू दे.
बाबा