फुलसिंगच्या वाट्याला काय ठेवू

मी, चंदाबाई फुलसिंग आडे, वय अंदाजे एकसष्ट, धंदा शेती व शिवणकाम, राहणार किन्हीराजाजवळचा तांडा, तालुका मालेगाव, जिल्हा वाशिम, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहून ठेवते. माझे डोके ठिकाणावर आहे. एके काळी नव्हते हे सगळ्या तांड्याला माहीत आहे, म्हणून मुद्दाम नमूद करते. हृदयाची झडप काम देईनाशी झाली आहे, असे वाशिमच्या डॉक्टरांनी सांगितले. मला कोणी भरीस घातलेले नाही. नवरा फुलसिंग तर विचारतो, एवढं कायले लिहून राह्यली.

१. माझ्या नावावरचे घर व शेत फुलसिंग हयात असेपर्यंत त्याच्याकडे राहावे, त्यानंतर मुलगा विनोद याला मिळावे. विनोदने बापाला पुण्याला ओढून नेऊ नये. तिथे गॅलरीत बसून तो आठ दिवसांत आजारी पडेल.

२. शिलाई मशीन सून सुकेशनीला. तिची शिवण माझ्यापेक्षा सरळ येते. हे तिला तोंडावर सांगायला माझी जीभ कधी वळली नाही, आता लिहून दिले आहे.

३. ज्या भगताने मला केस धरून खांबाला बांधले आणि मिरचीची धुरी दिली, त्याला मी क्षमा केली आहे. प्रभूची आज्ञा आहे म्हणून आधी तोंडाने केली, मनाने व्हायला वर्षे गेली. तरी माझ्या मयतीला त्याला बोलावू नये. क्षमा निराळी आणि चहापाणी निराळे.

४. माझे पवित्र शास्त्र, म्हणजे बायबल, नात संस्कृतीला द्यावे. तिने माझा देव धरावा असा आग्रह नाही. पण आजी चाळिशीनंतर याच पुस्तकावर अक्षरे जोडायला शिकली आणि याच्या आधारे माणसात आली, हे तिला ठाऊक असावे.

ते असे. ऊसतोडीला गेलो असताना आमची तान्ही मुलगी तापाने फणफणली होती. तिला फडाच्या कडेला पाचटावर निजवून मी मोळ्या बांधत राहिले, कारण गाडी भरायची होती. संध्याकाळी उचलली तेव्हा अंग गार पडलेले. गावी आल्यावर मी उठेनाशी झाले. डोक्याला कोणाचा हात लागू देत नसे. तांड्याने बाहेरची बाधा ठरवली, मग भगत झाला. शेवटी फुलसिंगने मला मोटरसायकलवर आपल्या पाठीशी बांधून मालेगावच्या दवाखान्यात नेले. गोळ्या सुरू झाल्या. तिथल्या आया भागिरथाबाई मला आपल्या प्रार्थनाघरात घेऊन गेल्या. त्यांनी पाणी तापवले, मला पाटावर बसवले आणि माझे केस धुवायला घेतले. गुंता सोडवण्यात दुपार गेली. मधेच त्या म्हणाल्या, "बाई, लेकरू तुह्यानं मेलं नाही. अन् तुह्यानंच मेलं असं तुले वाटत असन, तरी येशू तुले टाकत नाही." मुलगी गेल्यापासून मी त्या दिवशी पहिल्यांदा रडले. गोळ्या पुढेही खाल्ल्या, पण बरी व्हायला सुरुवात त्या पाटावर झाली.

५. घुगरी-टोपली. आमच्यात लग्न झालेली बाई कानशिलाजवळच्या केसांत हे चांदीचे दागिने बांधते आणि नवरा मेला तरच सोडते. केस धुताना भागिरथाबाईंनी ते सोडून माझ्या ओटीत ठेवले. पुन्हा बांधा असे त्या म्हणाल्या, बांधू नका असे प्रभूने कुठे सांगितलेले नाही. पण डोके इतके हलके वाटत होते की मी तशीच मोटरसायकलवर बसले. फुलसिंगचे तोंड पुढे, त्याला दिसले नाही. तांड्याला दिसले. सासू धनीबाईंनी दारातच ऊर बडवला. "माहा पोरगा जिता हाय, अन् तू रांडपन घेऊन आली?"

एवढ्यावरही निभावले असते. मोठे दीर उदयसिंग तांड्याचे नायक. त्यांनी सगळ्यांसमोर फुलसिंगला सांगितले, तिला म्हणावं बांधून घे, विषय संपला. मी तोंडावरचा पदर काढून म्हणाले की ज्या डोक्यावरचे ओझे प्रभूने उतरवले त्यावर मी काही बांधणार नाही. प्रभूचे नाव घेतले, पण ती मस्ती माझी होती. फुलसिंग तिथेच मान खाली घालून बसला होता.

नायकाचा शब्द मोडणाऱ्या घराला रिंगणात जागा नसते. त्यानंतरच्या होळीपासून फुलसिंग लेंगीच्या, म्हणजे आमच्या होळीच्या गाण्यांच्या, रिंगणात नाही. त्याच्यासारखी लेंगी आमच्या तांड्यात कोणी गात नसे. डफ घेऊन तो मधे उतरला की म्हातारेकोतारे उठून उभे राहत. आता होळीला तो मालेगावला निघून जातो आणि बंद दुकानाच्या पायरीवर बसतो. मी बरी झाले, मला प्रार्थनाघरात गाणी मिळाली, बहिणी मिळाल्या. त्याचे गाणे माझ्यामुळे गेले. रविवारी तिथे गाताना हे टोचते.

६. ~~माझ्या देहाला घुगरी-टोपली बांधून तांड्याच्या रीतीने अग्नी द्यावा. तसे झाले तर फुलसिंग पुन्हा रिंगणात येईल, असे उदयसिंग विनोदजवळ बोलले आहेत. मला प्रार्थनाघराच्या जागेत दफन हवे होते. ती इच्छा मी सोडते. त्याच्या वाट्याला ठेवायला माझ्याजवळ दुसरे काही नाही.~~

वरील कलमावर रेघ मीच मारली आहे. ते फुलसिंगला वाचून दाखवले. तो विडी न पेटवता बोटांत फिरवत राहिला, मग म्हणाला, "मायच्या तेराव्यालेच भाऊनं रिंगनात बोलावलं होतं मले, एकट्याले. मीच नाही गेलो."

मी विचारले, काहून.

"मी तिकडं गाईन अन् तू घरात एकटी बसशीन. मंग कसं गाऊ?" विडी कानावर ठेवून म्हणाला, "तुले मातीत जायाचं हाय नं, मी मातीत ठेवीन."

मी इतकी वर्षे समजत होते की त्याला कोणी येऊ देत नाही. दार उघडे होते आणि तो माझ्याजवळ बसून होता. मुलीची टोचणी प्रभूने काढली, त्याची मी साक्ष देते. ही दुसरी काढ म्हणून मी प्रार्थना करणार नाही. ती गेली तर फुलसिंगने काय सोडले हे मी विसरेन.

७. सबब माझे दफन व्हावे. घुगरी-टोपली फुलसिंगच्या हाती द्यावी, त्याला वाटेल ते त्याने करावे.

साक्षीला भागिरथाबाई आल्या. दुसरा साक्षीदार फुलसिंग स्वतः जाऊन घेऊन आला, उदयसिंग. बऱ्याच वर्षांनी ते आमच्या उंबऱ्याच्या आत आले. मी पदर ओढून बाजूला बसले. आमच्यात मोठा दीर भावजयीशी थेट बोलत नाही, म्हणून ते फुलसिंगशीच बोलले. मजकूर काय ते कळल्याशिवाय सही करणार नाही म्हणाले, तेव्हा विनोदने सगळे वाचून दाखवले, माझी मस्तीसुद्धा. ते ऐकून त्यांनी पेन उचलला.

"रीत मोडली ते मोडलीच," ते म्हणाले. मग सही केली आणि पेन ठेवताना म्हणाले, "तिले सांग, मातीले नेताना पयला खांदा माहा."

लिहून देणार: चंदाबाई फुलसिंग आडे (सही)

साक्षीदार:
१. भागिरथाबाई, मालेगाव (सही)
२. उदयसिंग आडे, नायक (सही)

स्थळ: किन्हीराजा, ता. मालेगाव, जि. वाशिम
दिनांक: ९ मार्च २०२५