सहा नंबरची पाठ

३ डिसेंबर, सोमवार

झाले एकदाची रुजू! दारावरच्या रखवालदाराला छातीच्या वॉर्डातली फिजिओथेरपिस्ट म्हणजे काय ते तीनदा समजावलं. शेवटी त्यानेच निकाल दिला : म्हणजे पाठ बडवणारी. बरं बाबा, पाठ बडवणारी.

खरं तर बडवत नाही, थापटते. पेशंटला टेबलावर पुढे वाकवून बसवायचं, हाताची ओंजळ करायची आणि बरगड्यांवर थाप द्यायची. कणा सोडून. आत चिकटलेला कफ सुटतो. थाप पोकळ वाजायला हवी, थोबाडीत दिल्यासारखी वाजली तर चुकलं.

आठ खाटा आहेत. सिस्टर म्हणाल्या, उन्हाळ्यात इथे काळं कुत्रं फिरकत नाही, पण थंडी पडली की तेच ते दमेकरी आपापली पांघरुणं काखोटीला मारून हजर होतात. प्रत्येकाची खाट ठरलेली. फक्त पाच नंबर रिकामी आहे, तिथला माणूस गेल्या थंडीत गेला. चार नंबरवर एक निवृत्त मास्तर आहेत, ते मी लिहिलेल्या कागदांतल्या शुद्धलेखनाच्या चुका काढतात. सहा नंबरवर लग्नाच्या बँडमध्ये पिपाणी वाजवणारा आहे, त्याच्या तोंडाला लगाम नाही. म्हणाला, जन्मभर टाळ्या समोरून मिळाल्या, आता म्हातारपणी पाठीवर मिळताहेत. मी इतकी हसले की सिस्टरनी डोळे वटारले. मला हे काम आवडणार.

६ डिसेंबर, गुरुवार

काकांना आणलं. पाच नंबरवर.

आईबाप गेल्यावर काकांनीच मला वाढवलं. पस्तीस वर्षं खडीच्या कारखान्यात धूळ खाल्ली आणि मला शिकवलं. त्या धुळीने आज हिशेब चुकता केला. स्ट्रेचरवरून उतरवलं तेव्हा ओठ जांभळे होते, बोटाला चिमटा लावला तर रक्तातला ऑक्सिजन एकोणऐंशी. या आजारात अठ्ठ्याऐंशी असला तरी माणूस गप्पा मारतो, पण एकोणऐंशी म्हणजे वाईट.

डॉक्टरांनी मला बाजूला घेतलं. पुढच्या शुक्रवारपर्यंत आकडा अठ्ठ्याऐंशीवर टिकला नाही तर घशात नळी घालून यंत्रावर ठेवावं लागेल, आणि अशी फुप्फुसं यंत्रावरून सहसा परत येत नाहीत, असं म्हणाले. मी मान डोलावली आणि हात धुवायच्या खोलीत जाऊन रडले.

८ डिसेंबर, शनिवार

बँडवाल्याची पाठ थापटत होते. सहज बाजूला नजर गेली तर काकांचा आकडा एक्याऐंशीवरून शहाऐंशीवर. मी थांबले, तो उतरला. पुन्हा थापटलं, पुन्हा चढला. चिमटा सैल असेल म्हणून बदलला. यंत्र बदललं. तेच. काकांची स्वतःची पाठ थापटून मात्र काडीचा फरक पडत नाही.

बँडवाल्याचा नव्वद होता. माझं काम संपलं तेव्हा चौऱ्याऐंशी.

योगायोग, दुसरं काय. मास्तर चष्म्यावरून माझ्याकडे बघत होते. शुद्धलेखनाबद्दल आज काही बोलले नाहीत.

११ डिसेंबर, मंगळवार

सकाळी काका सत्त्याहत्तर. बोलता येईना, पाण्याचा घोट घ्यायलाही दम लागत होता.

सहा नंबरची पाठ मी नेहमीपेक्षा जोरात थापटली. मग आणखी जोरात. आवाज पोकळ येत नव्हता हे कळत होतं. काका नव्वद. उठून बसले, चहा मागितला, माझ्या वेणीची थट्टा केली. डॉक्टर म्हणाले, तुझ्या हाताला गुण आहे.

बँडवाल्याच्या पाठीवर माझ्या पाची बोटांचे वळ आहेत. त्याने सदरा खाली ओढून घेतला. मला लाज वाटली. आणि खरं लिहायचं तर आनंदही झाला.

१३ डिसेंबर, गुरुवार

दुपारी दोन ते चार विश्रांतीची वेळ. सिस्टर वॉर्डाला बाहेरून कडी घालून जेवायला जातात. आज मी आतच थांबले.

मास्तरांनी मला वर्गात समजवावं तसं सगळं समजावून सांगितलं. दर थंडीत आठ येतात, सात घरी जातात. पाठ एकाची ठरते, दम बाकीच्यांना मिळतो. गेल्या खेपेला पाच नंबर होता. यंदा चिठ्ठी बँडवाल्याची निघाली. आतापर्यंत हे आपापसांतच चालायचं, पण दमेकऱ्याच्या हातात जोर तो किती? तुझे हात धडधाकट आहेत, देवासारखी आलीस, म्हणाले.

मी त्यांना वाटेल ते बोलले. राक्षस म्हणाले. ते शांतपणे म्हणाले, मग मंगळवारी काय करत होतीस?

काका भिंतीकडे तोंड करून पडले होते. जागे होते. आकडा अठ्ठ्याहत्तर. उद्या शुक्रवार.

१४ डिसेंबर, शुक्रवार

मी केलं.

दोघा दमेकऱ्यांनी बँडवाल्याचे हात टेबलाशी दाबून धरले. आधी ओंजळ होती. मग मूठ कधी झाली, कळलं नाही. तो मला बाई, बाई म्हणत राहिला, मग नुसता कण्हत. तिसरी बरगडी मोडली तेव्हा हाताला कळलं. थांबले. भिंतीकडून काकांचा आवाज आला. थांबू नकोस, म्हणाले.

थांबले नाही. तोंडातून रक्त आलं, टेबलावरून फरशीवर. सगळ्या खाटांवरचे आकडे चढत होते. ब्याण्णव, त्र्याण्णव. सातही माणसं पोटभर श्वास घेत होती. खोलीत दुसरा आवाज नव्हता.

चार वाजता सिस्टर आल्या. फरशी पुसून घेतली. मृत्यूच्या कागदावर लिहिलं, दम लागून. खाली साक्षीला मी सही केली.

काकांना यंत्रावर घेणार नाहीत. चौऱ्याण्णव आहे. माझा हात हातात घेऊन झोपले. माझी बोटं सुजली आहेत.

१५ डिसेंबर, शनिवार

सकाळपासून आकडे उतरताहेत. सगळ्यांचे. काका शहाऐंशी. दुपारी एक्याऐंशी —

मास्तर म्हणाले, आजारी छातीचा दम कितीसा पुरणार. पूर्वी हळूहळू काढायचे म्हणून थंडीभर पुरायचा. मी एका दुपारीच संपवला.

मग म्हणाले, निरोगी छाती असती तर अशी काढूनही सगळी थंडी निघाली असती.

सगळे माझ्याकडे —

१६ डिसेंबर, रविवार

सुट्टी होती. पळून जायला हवं होतं. पिशवी भरली, स्टँडवर गेले, गाडी लागलेली होती.

काका चौऱ्याहत्तर, डॉक्टर उद्या संध्याकाळी यंत्रावर घेणार, असा वॉर्डातून निरोप आला.

परत आले. दुसरं कोण आहे त्यांना. मला तरी —

१७ डिसेंबर, सोमवार

दोन वाजले. कडी लागली, बाहेरून. सिस्टरनी आज माझ्याकडे बघितलंच नाही.

वॉर्डाच्या कोपऱ्यात सामानाची खोली आहे, आतून खिटी लावून बसले आहे. बाहेर पावलं. सावकाश, मध्ये मध्ये थांबत. सात जण —

काका आहेत. नाकातली ऑक्सिजनची नळी काढून आलेत. काचेतून दिसतात, ओठ काळे. म्हणतात, उघड गं बाळ, मी आहे. फक्त मी. बाकीच्यांना हात लावू देणार नाही.

उभं राहवत नाहीये त्यांना. आकडा साठही नसेल. पडतील इथेच —

उघडलं.

मला टेबलाशी बसवलं. वही पुढ्यात आहे. रडताहेत. माफ कर म्हणाले. त्यांचा पहिला ठोसा पाठीवर बसला. हलका.

दुसरा —

श्वास ऐकू येतो त्यांचा. सुधारतोय. घरघर कमी झाली. कधीपासून असा ऐकला नव्हता. काका, बरं वाटतंय ना —

बरगडी. डावी. अक्षर हल

दुसरे हात. काका नको म्हणत नाहीत. खोल श्वास घेताहेत, किती खोल, मला घेता ये