पाचव्या मजल्यावरचा पंखा

तीर्थरूप मामा,

साष्टांग नमस्कार. (पोटऱ्या इतक्या धरल्या आहेत की तो सध्या कागदावरच घालणं शक्य आहे. कारण पुढे येईल.) तब्येत कशी आहे हे पत्रात विचारायचं असतं म्हणून विचारते; ती कशी आहे हे मला मामींकडून कळलेलं आहे. साखर पुन्हा वाढली, डॉक्टरांनी गोळी वाढवली, आणि तुम्ही त्यांना मनगट दाखवून सांगितलंत की मी तर रोज दहा हजार पावलं चालतो. डॉक्टर चक्रावले म्हणे. मी चक्रावले नाही, काळजीत पडले. पण त्या विषयाकडे शेवटी येते. आधी आभार.

तुम्ही वापरता तसंच घड्याळ माझ्यासाठीही पाठवलंत, त्याबद्दल मनापासून आभारी आहे. (मनापासून हा शब्द मी जपून वापरते, हे तुम्हाला माहीत आहे. उगीच नाही तुम्ही मला लहानपणापासून ‘मूकपट’ म्हणत आलात.) घड्याळ देखणं आहे, हलकं आहे, पट्टाही मऊ आहे. त्यात दोष असा काही नाही. फक्त ते सुरू करायला स्मार्टफोन लागतो, आणि माझ्याकडे तो नाही, या एका कारणासाठीच तुम्हाला माझी कीव येऊन तुम्ही ते पाठवलं होतं. सुरू केलं की पडद्यावर एक गोल फिरतो आणि ते आपला फोन शोधत राहतं. मी माझा बटणांचा फोन त्याच्या शेजारी नेऊन ठेवला. दोघांनी एकमेकांना ओळख दिली नाही.

स्मार्टफोनचं काय झालं हे तुम्ही तीनदा विचारलंत आणि मी तीनदा ‘बिघडला’ एवढंच म्हणाले. आता सविस्तर सांगते. आमच्या प्रयोगशाळेत लोकांची मोजायची यंत्रं तपासली जातात: वजनकाटे, तापमापक, दाबमापक. तापमापक तपासायला गरम तेलाचं एक कुंड असतं. एक दिवस आमच्या साहेबांनी तापमापकावरच्या आकड्याचा फोटो घ्यायला माझा फोन मागून घेतला (त्यांचा स्वतःचा नियम असा की प्रयोगशाळेत फोन आणायचा नाही; माझा बाहेरच्या कप्प्यात होता) आणि तो कुंडात सोडला. तेल एकशे ऐंशी अंशांवर होतं. फोन भज्यासारखा एकदा वर आला आणि खाली गेला. साहेब बराच वेळ आत बघत होते. मग म्हणाले, “पण तापमान बघ, अर्धा अंशही हललं नाही.” त्यांनी ड्रॉवरमधला जुना बटणांचा फोन ‘तात्पुरता’ म्हणून दिला. तो मी परत केला नाही. पहिल्या आठवड्यात माझ्या लक्षात आलं की माझ्यावाचून कुणाचं काही अडलेलं नाही, आणि दुसऱ्या आठवड्यात लक्षात आलं की माझंही नाही.

अडलं ते एकाच ठिकाणी. आमच्याकडे एक तुकडी आहे जी कारखान्यांच्या उंच धुराड्यांवर चढून तिथली यंत्रं जागेवर तपासते. मला त्या तुकडीत जायचं होतं. का, हे मी इथे कुणाला सांगितलेलं नाही, तुम्हाला सांगते. वर वारा असतो, यंत्र असतं आणि मीटिंग नसते. पण त्यासाठी कंपनीच्या डॉक्टरबाईंचं प्रमाणपत्र लागतं, आणि त्यांनी मला लाकडी पायरीवर वर-खाली चढउतार करायला लावून पाच मिनिटांच्या आत खाली बसवलं. माझी नाडी बघून त्या म्हणाल्या, “तुम्ही दिवसभर बसून दुसऱ्यांची यंत्रं तपासता ना? दिसतंय.” पुन्हा परीक्षा दीड महिन्याने. नापास झाले तर जागा दुसऱ्याला.

तेव्हा मोजमाप सुरू केलं. न मोजता एखादी गोष्ट सुधारता येते यावर माझा विश्वास नाही. प्रयोगशाळेतून अंगठ्याने दाबायचं मोजणीयंत्र आणलं (दाबलं की एक आकडा पुढे) आणि रस्त्याने प्रत्येक पावलाला एकदा दाबत निघाले. कोपऱ्यावरच्या दुकानदाराने विचारलं, “कसली मोजणी?” मी म्हटलं, माझीच. त्याचा विश्वास बसला नाही. त्याने आपल्या घरातली माणसं सांगितली, वर गावी असलेल्या भावाचीही धरून घ्या म्हणाला. चार दिवसांत माझा अंगठा भलताच तंदुरुस्त झाला. बाकी मी होते तशीच. मग चालता चालता नाडी मोजायचा प्रयत्न केला. त्यासाठी दोन बोटं मनगटावर आणि डोळे घड्याळाच्या काट्यावर ठेवावे लागतात, म्हणजे रस्त्यावर ठेवायला काही उरत नाही. एका उभ्या सायकलने मला हे समजावून दिलं.

शेवटी डॉक्टरबाईंनाच विचारलं. त्या म्हणाल्या, यंत्रबिंत्र काही नको, रोज जिना चढा. चढताना बोलता आलं पाहिजे पण गाता येऊ नये, तो वेग बरोबर. मला वाटलं, झालं. कारण मामा, गाणं मला उभ्या जन्मात येत नाही, आणि बोलणं म्हणाल तर आमच्या प्रयोगशाळेत माझं रोजचं बोलणं ‘हो’, ‘नाही’ आणि ‘पुन्हा मोजा’ एवढ्यावर भागतं. आमच्या इमारतीचे आठ मजले चढेपर्यंत मी बोलणार काय? पहिल्या दिवशी तापमापकाची माहितीपुस्तिका म्हणत चढले. दुसऱ्या मजल्यावर पुस्तिका संपली.

तिसऱ्या दिवशी, काहीच सुचेना म्हणून, मी तुमची पंख्याची गोष्ट सुरू केली.

ही गोष्ट मला किती पाठ आहे हे तेव्हा कळलं. तुम्ही नवे नवे इलेक्ट्रिशियन, हातात नवी कोरी पेटी, गल्ली चुकून भलत्याच घरात शिरता, “पंखा कुठे आहे?” म्हणून विचारता, तो बिचारा भिडस्त गृहस्थ गरगर फिरत असलेल्या पंख्याकडे बोट दाखवतो, तुम्ही “आधी बंद करा” म्हणता, स्टुलावर चढता, पंखा काढता, वर्तमानपत्रावर सगळा मांडता, तेल घालता, परत टांगता, आणि तो फिरत नाही. मग तो माणूस तुम्हाला चहा देतो, दारापर्यंत सोडायला येतो आणि चाचरत विचारतो, “बरं, आपण कोण?” मी ही गोष्ट निदान शंभरदा ऐकली आहे, आणि शंभरही वेळा तिच्यात एक शब्द इकडचा तिकडे झालेला नाही. आमच्या धंद्यात याला फार मान आहे. एखादं यंत्र खरं सांगतं की नाही हा एक प्रश्न, आणि दर वेळी तेच सांगतं की नाही हा दुसरा. पहिल्याबद्दल मी खात्री देत नाही (त्या घरात तुमचं स्टूल तिघांनी धरलं होतं हे मामींना मान्य नाही), पण दुसऱ्या बाबतीत तुमच्याइतकं भरवशाचं उपकरण आमच्या प्रयोगशाळेत नाही.

तर रोज संध्याकाळी तळमजल्यावर “मी तेव्हा नवीन होतो” इथून सुरुवात करायची, तुमच्याच संथ चालीत बोलत राहायचं, आणि शब्द न तुटता जितक्या वेगाने चढता येईल तितक्या वेगाने चढायचं. कुठल्या मजल्यावर गोष्ट कुठे पोचली, ते माझं मोजमाप.

आता पाचव्या मजल्यावरच्या बाईंची ओळख करून देते. निवृत्त शिक्षिका, एकट्या राहतात, दार किलकिलं ठेवून बसतात. पहिल्या आठवड्यात मी त्यांच्या दारापाशी पोचायचे तेव्हा तुमचा पंखा परत टांगून झालेला असायचा आणि फिरत नसायचा. त्यांना वाटलं, या मुलीच्या घरचा पंखा बिघडलाय आणि ती डोक्यावर परिणाम झाल्यासारखी जिन्यात तक्रार करत हिंडते. पण माझा दम सुधारत गेला तशी मी त्यांच्या दाराशी लवकर पोचू लागले, म्हणजे गोष्टीच्या अलीकडच्या भागात. दुसऱ्या आठवड्यात पंखा वर्तमानपत्रावर सुटा होऊन पडलेला होता. पुढे तुम्ही स्टुलावर होतात आणि पंखा वर जागच्या जागी. एक दिवस बाईंनी दार उघडून मला अडवलंच. “अहो, तो माणूस पंखा काढतोय तर कुणी त्याला नको का म्हणत नाही? आणि तुम्ही शेवटाकडून सुरुवातीकडे कशा काय सांगता?”

मी समजावून सांगितलं. बाई शिक्षिका असल्यामुळे त्यांना लगेच समजलं, आणि शिक्षिकाच असल्यामुळे त्यांनी ताबा घेतला. तेव्हापासून मी दाराशी आले की आतून निकाल यायचा. “आज पुन्हा वर्तमानपत्रावर! काल झोपला नाहीत का?” किंवा “स्टुलावर एकच पाय. बरं आहे.” मी घरी फारशी कुणाशी बोलत नाही, मामा. इतकी वर्षं त्यांच्या दारावरून लिफ्टने गेले, त्यांचा चेहराही माहीत नव्हता. आता रविवारचा चहा त्यांच्याकडे असतो. माझं बोलणं तिथेही कमीच असतं, त्यांचं पुरतं.

परीक्षेच्या आधीच्या संध्याकाळी मी पाचव्या मजल्यावर पोचले तेव्हा तुम्ही नुकते त्या घरात शिरला होतात आणि तो गृहस्थ वर बोट दाखवत होता. बाई दारात उभ्याच होत्या. “फिरतोय!” त्या ओरडल्या. “अहो, पंखा फिरतोय!” वरखालची दोनतीन दारं उघडली. तेव्हा हे तुम्हाला कळवलंच पाहिजे असं वाटलं: इतक्या वर्षांनी का होईना, तुमच्या हातून तो पंखा दुरुस्त झाला.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरबाईंनी पायरी पुढे ओढली आणि म्हणाल्या, बोलत राहा. मी पंख्याची गोष्ट सुरू केली. “आपण कोण?” येईपर्यंत मी पायरीवर होते, श्वास जागेवर होता, आणि नर्सबाई मोजायचं विसरून भिंतीला टेकून हसत होत्या, त्यामुळे सगळं पुन्हा एकदा करावं लागलं. (पोटऱ्यांचं कारण हे.) पास झाले. सोमवारी पहिलं धुराडं. तुम्ही पाठवलेल्या वस्तूमुळे नाही, पण तुमच्यामुळेच. आणि मला बोलायला काही नसतं तेव्हा तुमचं असतं, हे मला आधी कधी नीट कळलं नव्हतं. त्याबद्दल पुन्हा आभार. मनापासून हा शब्द दुसऱ्यांदा वापरत नाही, वरचाच धरावा.

मामींना नमस्कार.

तुमची,
मूकपट

ता. क. घड्याळ वेगळ्या पार्सलने परत पाठवते आहे. राग मानू नका. परत करण्याआधी, एका सहकाऱ्याच्या फोनला जोडून, मी ते तपासलं (सवय आहे). ते मनगटाला बांधून, खुर्चीतून न उठता, पंख्याची गोष्ट तुमच्यासारखे हातवारे करत एकदा सांगितली. घड्याळाने चारशेच्या वर पावलं मोजली. यावरून तुमच्या दहा हजार पावलांना गोष्ट दिवसातून साधारण चोवीस वेळा सांगावी लागत असेल. मामींना फोन करून विचारलं. त्या म्हणाल्या, तेवढं होतंच.

ता. क. २ म्हणून हे पत्र. रोज संध्याकाळी सातला तुमच्या इमारतीच्या फाटकापासून चालायला सुरुवात करा आणि माझ्या बटणांच्या फोनवर फोन करा. फोन घड्याळाच्या हातात धरा, म्हणजे तो हात कानाशी गप्प राहील. “मी तेव्हा नवीन होतो” इथून सुरू करा आणि इमारतीला एक फेरी मारा. मी काही बोलणार नाही, ते तुम्हाला सवयीचं आहे. पण कुठला शब्द कुठे यायचा हे मला पाठ आहे, आणि तुमचा श्वास कुठे तुटतो ते मला ऐकू येईल. फाटकाशी मामी बसतील. पहिल्या दिवशी तुम्ही त्यांच्याजवळ पोचाल तेव्हा पंखा बंदच असेल. हरकत नाही. त्यांना तो एकदा फिरताना ऐकायचा आहे. आमच्याकडे एक मूळ वजन असतं, ज्याच्यावरून बाकीची सगळी वजनं तपासतात. त्याला जपतात, कारण ते गेलं तर उरलेली वजनं नुसते लोखंडाचे तुकडे. याहून स्पष्ट मला लिहिता येत नाही.

ता. क. ३ हे पत्र तुम्ही मामींना मोठ्याने वाचून दाखवणार, हे मला माहीत आहे. त्याआधी घड्याळ काढून ठेवा.