आईची मोटर, आजोबांची पहाट

२ जून

ती. आजोबांस,
साष्टांग नमस्कार मनापासून, बाकी सगळं रागाने.

शिष्यवृत्तीचा अर्ज परत आला. ती मिळाली नाही तर माझी अकरावी नाही, हे तुम्हाला माहीत आहे. संस्थेचं कार्यालय तुमच्या गावात, अर्ज हातोहात द्यायचा, म्हणून पाकीट तुमच्याकडे पाठवलं. नुसतं नेऊन द्यायचं होतं. मी निबंधात लिहिलं होतं, ‘आई कारखान्यात शर्ट शिवते. घरच्या मशीनची मोटर जळाली तेव्हा मी ती उघडून नवी तार गुंडाळली. मला विजेचं काम शिकायचंय.’ तुम्ही त्याचं केलंत, ‘माझी माउली सुईच्या टोकाने पहाट विणते.’ आजोबा, आई कॉलर शिवते. पहाट नाही.

वर संस्थेने कळवलंय, की निबंध दुसऱ्याने लिहिल्याचं खुद्द तुम्हीच सांगितलंत. ते वाचून आई भरल्या ताटावरून उठली.

लोभ आहे, सध्या वाढवू नये.
ठिणगी

६ जून

चि. ठिणगीस,
अनेक उत्तम आशीर्वाद. रागावलेल्या माणसाचेही लागतात, घे.

आजोबाशी या तोंडाने बोलतेस? तुझा निबंध वाचून वाटलं, पोरगी लिहिते आहे की पावती फाडते आहे? अगं, माझ्या वर्गात दुपारचं ऊन बाकांवर उतरायचं आणि सगळी पोरं एका सुरात कविता म्हणायची. तुझी आई पहिल्या बाकावर. तिच्यावरचं लिखाण मी मोटरीवर संपू देऊ?

आणि तो संस्थेतला कारकून! चष्मा वर करून म्हणाला, पोरीने काय सुरेख लिहिलंय. मला राहवेना. म्हटलं, ‘लिहिणारा तुमच्यासमोर उभा आहे.’ त्याने हातातला शिक्का खाली ठेवला. काल जाऊन त्याच्याशी कडाकडा भांडलो. पंधरा तारखेपर्यंत नवा निबंध घेईन म्हणाला. मला मात्र आत यायची बंदी. पाकीट खिडकीतून द्यायचं.

पहाट ठेवलीस तर बरं.
तुझा, न चुकलेला,
आजोबा

१० जून

ती. आजोबांस, सा. न.

पाकीट सोबत आहे. डिंकावर टेपही लावली आहे. उघडायचं नाही.

आई तुम्हाला हे कधीच सांगणार नाही, म्हणून मी सांगते. तुमच्या वर्गात ती नुसते ओठ हलवायची. तिचं सगळं लक्ष वरच्या पंख्याकडे, की हा फिरतो कशाने. तुम्ही तिला कवितेशिवाय कधी काही विचारलंच नाही.

ठिणगी

१५ जून

चि. ठिणगीस, अ. उ. आ.

पाकीट दिलं. उघडलं नाही. उन्हात धरून पाहिलं, पण काही दिसलं नाही; टेप फार लावतेस. कारकुनाने विचारलं, आत काय लिहिलंय? म्हटलं, मला माहीत नाही. जिभेला फार जड गेलं.

तुझ्यावरचा राग अजून उतरलेला नाही. माझ्यावरचा तर नाहीच.

माझ्या खोलीतला पंखा महिनाभर बंद आहे. तुझ्या आईला घेऊन ये. तिने तो उघडावा. मी कविता म्हणणार नाही, शिडी धरीन.

आजोबा