आमेन होईपर्यंत

पनवेल,
८ ऑगस्ट १९९३

ती. आईस,

साष्टांग नमस्कार. तुला आणि बाबांना. देवघरातल्यांना तू सांगशीलच.

माझी तब्येत बरी आहे. न्हावा शेव्याच्या बसमध्ये हल्ली बसायला जागा मिळते. तुझा गुडघा कसा आहे?

ख्रिस्ती माणसाबरोबर एका खोलीत राहून मी बाटेन, अशी बाबांना धास्ती आहे. त्यांना सांग, शमुवेल आणि मी वर्षभर देवावरून वाद घालतोय आणि अजून कुणीच हललेलं नाही. तो जेवणाआधी डोळे मिटून प्रार्थना करतो, तेवढ्यात माझी अर्धी पोळी संपते. "ऐकतंय कोण?" मी विचारतो. "तू ऐकतोस की," म्हणून तो हसतो.

गेल्या आठवड्यात त्याची धाकटी बहीण काविळीने गेली. तिला मूठमाती देऊन तो काल नगरहून परतला. आज दुपारी मी वरणभात केला. तो बसला आणि सरळ भात कालवायला लागला. माझा घास मात्र हातातच राहिला.

"प्रार्थना?" मी म्हटलं.

"आज नाही जमत रे."

"मग थांबतो मी."

"तुझा तर विश्वास नाही."

"तुझा आहे ना."

भात गार झाला. बऱ्याच वेळाने तो नुसतं "आमेन" म्हणाला, तेव्हा आम्ही जेवलो.

आई, मी अजून नास्तिकच आहे. पण तू त्याला दोन ओळी लिही. देवाचं नाव घालून लिही. मला ते जमत नाही.

तुझा,
हरेश