चौथ्या महिन्याची पंधरावी

देऊळघाट
बुधवार, २० मे २०२६

आदरणीय प्रसेनजित मामा,

धम्मरत्नचा सप्रेम जयभीम. मामीलेही सांगा. इकडे सारे बरे आहोत असं लिहायची रीत आहे म्हणून लिहिलं, खरं काय ते खाली येईलच. तुमचा डावा गुडघा कसा आहे? (समताताई म्हणे उजवा. दोन्हीले विचारलं असं समजा.) शाळेतून रिटायर होऊनही तुम्ही गल्लीतल्या पोराईच्या वह्या लाल पेनानं तपासून राह्यले, हे ऐकून बरं वाटलं आन् भीतीही वाटली. या चिठ्ठीतल्या चुका खुशाल लाल करा. सगळ्यात मोठी चूक मीच दाखवून देतो.

मार्चमधी मायच्या नावानं तुम्हाले बलावणं आलं, ते मी लिहिलं होतं. मायनं एवढंच सांगतलं होतं की तुह्या मामाले लिह, पुनवेच्या खिरीले या. त्यातली ३१ मे ही तारीख माह्या डोक्यातली. बुद्ध पौर्णिमा यंदा एक मेले होती हे सगळ्या बुलढाणा जिल्ह्याले माहीत होतं, मले सोडून.

हे कसं झालं ते सांगतो, पण त्यासाठी चीनपर्यंत जाऊन यावं लागते. मी कादंबरी लिहून राह्यलो. तीन वर्षांत बावीस पानं झाली. त्यातल्या माणसाईले नावं नाहीत, म्हून महिन्याईलेही नावं नकोत असं मी ठरवलं, आन् शोधता शोधता चिनी पंचांग हाती लागलं. त्यायचे महिने आपल्यासारखेच चंद्राचे, पण त्याईले नुसते नंबर. ज्या दिवशी अमावास्या तोच महिन्याचा पहिला दिवस, आन् पंधरावीच्या आसपास पुनव. सण सारे नंबरावर चालतात. पहिल्याची पहिली म्हणजे नवीन वर्ष, पाचव्याची पाचवी म्हणजे होड्यांच्या शर्यती, आठव्याची पंधरावी म्हणजे चंद्र पाहत गोड खायचं. चौथ्याची आठवी बुद्धाच्या जन्माची. मले हे इतकं पटलं की घरातलं कॅलेंडर काढून तिथं मी हा तक्ता लावला. (माय म्हणे, गॅस कवा लावला ते आता कुठी लिहू?) मागच्या साली आपली बुद्ध पौर्णिमा १२ मेले होती, आन् तक्त्यात तो दिवस चौथ्याची पंधरावी. मले वाटलं नियम सापडला. यंदाची चौथ्याची पंधरावी पाह्यली, ३१ मे निघाली, लिहून मोकळा झालो. पौर्णिमा, तिथी असे शब्द मुद्दाम टाळले, कारण पंचांगाचं नाव काढलं की तुम्ही कसे तापता ते घरात सगळ्याईले माहीत आहे. म्हून 'चौथ्या चांद्र महिन्याच्या पंधरावीले' असं लिहिलं. मले वाटलं, मामा खूश होतील.

तुम्ही गणिताचे मास्तर, म्हून चूक कुठी झाली तेही सांगतो. चंद्राचे बारा महिने सूर्याच्या वर्षाले अकराएक दिवस कमी पडतात. ती तूट भरायले आपण दोन-तीन वर्षांनी एक अधिक महिना टाकतो, आपला धोंड्याचा. तेही टाकतात. ज्या महिन्यात सूर्य ठरलेल्या टप्प्यावर पोचत नाही, तो अधिक. पण त्यायचे टप्पे आपल्या संक्रांतीच्या तीनेक आठवडे आधी येतात, म्हून कधी कधी दोघांचा अधिक महिना वेगवेगळ्या वेळी पडते. त्यायनं मागच्याच साली सहाव्या महिन्यानंतर टाकून घेतला. आपला आत्ता या रविवारी लागला. मधल्या काळात त्यायचा नंबर आपल्या एक महिना मागं चालते. मी तुम्हाले नेमकं त्या फटीत पाडलं.

एक मेले माय सकाळी सातपासून विहारात खिरीजवळ होती. बुलढाण्याकडून यष्टी आली की ती पळी गंजात तशीच ठेवून रस्त्यापर्यंत जाये. दुपारी लोक खीर खाऊन गेले. तिनं एक डबा बाजूले काढला होता, तो संध्याकाळपर्यंत फसफसला. मंग तिनं डबा घासला, पालथा घातला, आन् मले विचारलं, "चिठ्ठीत बराबर लेहलं होतं ना रे?" मी हो म्हटलं. मामा, कादंबरीत मी रोज खोटं लिहितो, त्याले फार मेहनत लागते. हे बिनमेहनतीचं निघालं. तक्ता मी त्याच्यानंतर तपासला.

आठ दिवसांनी समताताईकडून तुमचा निरोप आला, की रिकाम्या गंजात पळी फिरवाले बलावलं का मले. तो मी मायपर्यंत पोचू दिला नाही. आता तुम्हाले वाटते बहिणीनं सण उलटल्यावर बलावून अपमान केला, आन् तिले वाटते भाऊ आठ वर्षांनीही आला नाही. दोघांच्या मधात मी आणि चीन.

आठ वर्षांपूर्वीचं मले सारं आठवते. २९ मे २०१८, समताताईचं लग्न. तुम्ही मांडवामागं खीर ढवळत होते. मायच्या बटव्यातून एक चिठ्ठी पडली, शेजारच्या चिंतामण काकाईच्या अक्षरात (त्यायच्या घरी पंचांग असते), लग्नाचीच तारीख आन् पुढं तिथी. तुम्ही चार लोकाईसमोर म्हटलं, "जनके, दीक्षा घेऊन मुहूर्त पाह्यते?" आन् न जेवता निघून गेले. विहाराची मोठी पळी तुमच्या हातातच राह्यली. नांदुऱ्यापर्यंत तुम्ही यष्टीत ती पळी धरून उभे होते, असं दयाराम कंडक्टर अजून सांगते. तेव्हापासून खीर लहान पळीनं होते. ती बुडाले पुरत नाही, म्हून आठ वर्षं आमची खीर खालून लागते. गावाले आता तीच चव वाटते.

तुम्ही यावं असं लिहायची माही लायकी नाही, तरी लिहितो.

तुमचा भाचा,
धम्मरत्न

ता. क. : चूक माही आहे हे मायले अजून माहीत नाही. वाचून चिठ्ठी फाडून टाका आन् ३१ ले सरळ या. एक मेले तुमचा गुडघा धरला होता असं मी तिले सांगून ठेवतो. (डावा की उजवा तेवढं कळवा.)

ता. क. २ : वरचा ता. क. रद्द. माय मागं उभी होती. सारी चिठ्ठी वाचून दाखवा लागली. एक मेचं तिनं एकदाच ऐकलं. लग्नाचं मात्र दोनदा वाचाले लावलं. मंग म्हणे, "मी मुहूर्त कुठी पाह्यला? उजेड पाह्यला. तवा रोज लाइन जाये. पाव्हने वावराच्या रस्त्यानं परत जानार, म्हून चिंतामणले पुनव इचारली." मी म्हटलं, मंग आठ वर्षं सांगतलं काऊन नाही? म्हणे, "त्यानं इचारलं कुठी? त्यानं तर सांगतलं."

ता. क. ३ : मी आत्ता २०१८ चं कॅलेंडर आन् चिनी तक्ता, दोन्ही काढून पाह्यले. २९ मे २०१८ ही धोंड्याच्या महिन्यातली पुनव होती. धोंड्यात लग्नाचा मुहूर्त कोणताच भटजी काढत नाही, चिंतामण काकाईलेही विचारून आलो. आन् चिनी हिशेबानं तो दिवस चौथ्याची पंधरावी. आठ वर्षांनी यंदाची ३१ मेही धोंड्यातलीच पुनव, चौथ्याचीच पंधरावी. बलावण्यात तारीख मी चुकीची लिहिली, पण दिवस तोच निघाला. गणित लाल पेनानं तपासा.

ता. क. ४ : माय म्हणते, एवढं चीनचं कायले लिहितं. एकतीसले पुन्हा खीर टाकून राह्यलो, आन् लहान पळी बुडाले पुरत नाही, एवढंच लिह.